किंमत कशाची? बोरघाटातली घड्याळे आणि मोटारी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मावळ तालुक्याला उभा छेदून जातो. सुट्टीच्या दिवशी सकाळी या मार्गावर अधूनमधून अशा मोटारी दिसतात, की ज्यांची किंमत चार कोटी रुपयांच्या पुढे असते. त्या चालवणाऱ्याच्या मनगटावर काही लाखांचे स्विस घड्याळही असू शकते. रस्त्याकडेच्या गावांतली मुले या मोटारींची नावे बिनचूक सांगतात आणि मग वर्गात सरळ प्रश्न विचारतात : “सर, यात असं काय असतं, की एवढी किंमत पडते?”

या प्रश्नाला मोठ्या माणसांकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे, ‘ही सगळी श्रीमंतांची चैन, त्यात काही अर्थ नाही.’ दुसरे म्हणजे, ‘चांगली वस्तू महागच असायची.’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. महाग घड्याळ हे एके काळी खरोखरच त्या किमतीचे होते. हजारो माणसांचे जीव त्यावर अवलंबून होते. मग मधल्या काळात असे काय झाले, की आज हा प्रश्न विचारावासा वाटतो? हे समजून घ्यायला बोरघाट ही चांगली जागा आहे. या एकाच घाटातून १८३० साली गाडीरस्ता गेला, १८६३ साली आगगाडी गेली आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आगगाडीने घड्याळाला महत्त्व आणले, रस्त्यांनी मोटारीला. तेव्हा आधी घड्याळाचा विचार करू.

वेळ चुकली की जहाज चुके

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. भर समुद्रात आपण कोणत्या रेखांशावर आहोत हे कळण्यासाठी दोन वेळा माहीत असाव्या लागतात : जहाज जेथे आहे तेथील सूर्यावरून काढलेली वेळ आणि त्याच क्षणी मूळ बंदरातील वेळ. या दोहोंतील फरकाच्या दर ४ मिनिटांना एक अंश, असा हिशेब. पहिली वेळ आकाशातून मिळते. दुसरी मात्र घड्याळानेच जपून आणावी लागते. ते घड्याळ एक मिनिट चुकले, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान सुमारे २८ किलोमीटरने चुकते. खडकावर आपटायला तेवढी चूक पुष्कळ झाली.

१७०७ साली इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी आरमाराची चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. पुढे १७१४ साली ब्रिटिश संसदेने रेखांश ठरवण्याच्या खात्रीशीर पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यापायी आयुष्य वेचले. त्याचे चौथे घड्याळ १७५९ साली तयार झाले. १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांनंतर त्याची चूक निघाली सुमारे ५ सेकंद. लार्कम केंडाल या कारागिराने त्याची हुबेहूब नक्कल १७६९ साली पुरी केली. तिच्यासाठी त्याला एकूण ५०० पौंड मिळाले. हेच घड्याळ कॅप्टन कुकने आपल्या दुसऱ्या सफरीवर नेले.

५०० पौंड ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. पण तिच्या बदल्यात काय मिळाले हे अगदी स्पष्ट होते : जहाज आणि त्यावरची माणसे. शिवाय ही किंमत तेथेच थांबली नाही. केंडालने पुढचे सोपे घड्याळ २०० पौंडांत आणि त्यानंतरचे १०० पौंडांत केले. जॉन अर्नोल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी रचना आणखी सोपी केली आणि कामाची विभागणी केली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात असे घड्याळ सामान्य व्यापारी जहाजालाही परवडू लागले.

मुंबईच्या बंदरालाही हीच गरज होती. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. तारे पाहून अचूक वेळ ठरवणे हे तिचे एक मुख्य काम होते. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८४० च्या दशकात, ऐन तारुण्यात, याच वेधशाळेत वेधांचे काम केले.

घाटात आलेली आगगाडी

जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८५६ साली मुंबईच्या बाजूने घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पोचला. १८५८ साली वरच्या बाजूने खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मध्ये राहिला तो फक्त घाट. पाच वर्षे प्रवासी पायथ्याशी उतरत आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने वर येऊन पुन्हा आगगाडीत बसत. घाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. सुमारे २५ किलोमीटर लांबी, साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आणि २५ बोगदे, असे ते काम होते. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्यावर राबत होते आणि त्यांतले हजारो पटकीने व तापाने मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ साली दगावला. पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तडीस नेले.

आगगाडी आली आणि मावळात ‘वेळ’ या शब्दाचा अर्थच बदलला. त्याआधी प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या सूर्याची होती. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.८ अंश, लोणावळ्याचे ७३.४ आणि पुण्याचे ७३.९. दर अंशाला ४ मिनिटे धरली, तर लोणावळ्याचा मध्यान्ह मुंबईच्या आधी सुमारे सव्वादोन मिनिटांनी होतो आणि पुण्याचा लोणावळ्याच्याही आधी सुमारे दोन मिनिटांनी. बैलगाडीला या फरकाशी काही देणेघेणे नव्हते. एकाच रुळावर समोरासमोर येऊ शकणाऱ्या दोन गाड्यांना मात्र तो परवडणारा नव्हता. म्हणून रेल्वेने साऱ्या देशभर एकच, मद्रासची वेळ धरली. लोणावळ्याच्या स्टेशनातले घड्याळ गावच्या सूर्याच्या सुमारे २८ मिनिटे पुढे चालू लागले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हे अंतर ३६ मिनिटांवर गेले. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

सगळ्या स्टेशनांची घड्याळे तारेने येणाऱ्या इशाऱ्यावर जुळवली जात. गाडी निघण्यापूर्वी गार्डाने आपले घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवावे आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगावी, हा रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांतला नियम आहे. तो किती जिवावरचा होता हे अमेरिकेतल्या एका अपघाताने दाखवले. १८९१ साली ओहायो राज्यात किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका इंजिन-ड्रायव्हरचे घड्याळ मध्येच ४ मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते आणि त्याला ते कळलेच नव्हते. त्यानंतर तेथल्या रेल्वेंनी कडक नियम केला, की नोकरीवरच्या माणसाचे घड्याळ आठवड्यात ३० सेकंदांहून अधिक चुकता कामा नये. मुंबईतही १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनी स्विस घड्याळे विकत होती. चांगले घड्याळ या काळात मिरवण्याची वस्तू होतेच, पण कामाचे हत्यारही होते.

गारगोटीची करामत

हॅरिसनचे चौथे घड्याळ तयार झाले त्याच १७५९ साली अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ याचा नीतिविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने घड्याळाच्या एका शौकिनाचे उदाहरण दिले आहे. दिवसाला दोन मिनिटे मागे पडणारे घड्याळ हा गृहस्थ दोनेक गिनींना विकून टाकतो आणि पंधरवड्यात मिनिटभरही मागे न पडणारे दुसरे पन्नास गिनींना घेतो. हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. पंधरवडा १४ दिवसांचा धरला, तर अचूकता २८ पटींनी वाढली आणि किंमत २५ पटींनी. म्हणजे त्या काळी जादा पैशाला जादा अचूकता जवळजवळ त्याच प्रमाणात मिळत होती. स्मिथचा पुढचा टोलाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे : असे घड्याळ घेणारा माणूस इतरांपेक्षा अधिक वेळेवर येतोच असे नाही!

आता आजचा हिशेब करू. कमानीवर चालणाऱ्या घड्याळात एक तोलचक्र मागेपुढे झुलत असते, साधारणपणे सेकंदाला ८ ठोके. थंडी-उष्णता, धक्का, घड्याळ आडवे आहे की उभे, या सगळ्यांचा त्याच्या झोक्यावर परिणाम होतो. उत्तम स्विस घड्याळाला अचूकतेचे प्रमाणपत्र मिळते ते दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत राहिल्यास. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ५ सेकंदांची चूक! चाके, कमानी आणि तेल यांच्या जोरावर एवढे साधणे ही सामान्य गोष्ट नाही.

पण क्वार्ट्झचे घड्याळ याच्या पुढे जाते. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचा स्फटिक. मावळातल्या ओढ्यांत आणि शेतांत सापडणारी गारगोटी रासायनिकदृष्ट्या हीच. (घड्याळात वापरतात तो स्फटिक मात्र कारखान्यात शुद्ध स्वरूपात वाढवलेला असतो.) हा स्फटिक दाबला तर त्यावर विद्युतभार निर्माण होतो आणि त्याला वीज दिली तर तो थरथरतो, हे १८८०-८१ साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांच्या संशोधनातून पुढे आले. १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत या तत्त्वावर पहिले घड्याळ झाले. ते मनगटावर यायला २५ डिसेंबर १९६९ उजाडावा लागला. त्या दिवशी जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विक्रीला आणले. महिन्याला ५ सेकंदांची चूक आणि किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा जपानमध्ये एक लहान मोटार येत असे.

पुढे जे घडले ते केंडालच्या घड्याळाप्रमाणेच, पण कितीतरी वेगाने. आज हातगाडीवर मिळणाऱ्या स्वस्त घड्याळातही सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मे करत गेले, की बरोबर एक कंप उरतो आणि सेकंदाचा काटा एक घर सरकतो. असे घड्याळ महिन्याला सुमारे १५ सेकंद चुकते, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद.

आता स्मिथचा हिशेब पुन्हा मांडा. पाचशे रुपयांचे घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद चुकते आणि पाच लाखांचे सुमारे पाच सेकंद. किंमत हजारपट आणि अचूकता एक दशांश. १७५९ साली जुळणारा हिशेब येथे पूर्ण मोडला. वेळ हवी म्हणून महाग घड्याळ घेण्याचे कारण १९७० नंतर उरले नाही. याचा फटका प्रत्यक्ष माणसांना बसला. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसे होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ती तीस हजारांवर आली. आपल्याकडे एच. एम. टी. चे घड्याळ हे लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी शिक्षकाला द्यायचे मानाचे घड्याळ होते. त्याचे उत्पादन १९६१ साली जपानी सहकार्याने बंगलोरला सुरू झाले. १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली आणि २०१६ साली एच. एम. टी. चा घड्याळविभाग बंद झाला.

मग महाग घड्याळे संपली का? मुळीच नाही. त्यांच्या किमती उलट वाढल्या. फक्त किंमत कशाची, याचे उत्तर बदलले. आता तेथे पैसे द्यायचे ते कारागिराच्या महिनोन्‌महिन्यांच्या हातकामाचे, मोजक्या नगांचे आणि नावाचे. हातकाम ही मोलाचीच गोष्ट आहे. पैठणीचेही मोल आपण अंग झाकण्यावरून ठरवत नाही. पण पैठणी विकणारा ती अधिक ऊब देते असे सांगत नाही. महाग घड्याळाची जाहिरात अचूकतेच्या भाषेत बोलू लागली, की ती कोणत्या शतकातली भाषा आहे ते ओळखता आले पाहिजे.

घाट मोटारीकडून किती मागतो?

मोटारीचे काय? तेथेही घाटालाच विचारू. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा चढ ढोबळमानाने ५५० मीटर आहे. माणसांसह १,५०० किलोची मोटार एवढी वर न्यायला लागणारी ऊर्जा अशी :

१,५०० × ९.८ × ५५० = सुमारे ८१ लाख जूल.

ताशी ६० किलोमीटर वेगाने हा चढ १२ मिनिटांत, म्हणजे ७२० सेकंदांत चढला असे धरू. मग चढण्यासाठी शक्ती लागते सुमारे ११ किलोवॉट. हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण यांसाठी आणखी ५ किलोवॉट धरा. एकूण १६ किलोवॉट, म्हणजे साधारण २२ अश्वशक्ती. जुन्या प्रीमियर पद्मिनीत किंवा पहिल्या मारुती ८०० मध्ये सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्या घाट चढत. कधी कधी रेडिएटरचे पाणी उकळून त्यांना कडेला थांबावे लागे, पण तो दोष इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा होता, शक्ती कमी पडल्याचा नव्हे. वेगासाठीच बनवलेल्या मोटारीत ६०० किंवा अधिक अश्वशक्ती असते. घाट मागतो त्याच्या सत्तावीस पट!

ही शक्ती मग हवी कशाला? सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेग राखायला १८ ते २० अश्वशक्ती पुरते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग तिप्पट केला, तर हवेसाठीची शक्ती २७ पट लागते. म्हणून ताशी ३०० किलोमीटरला सव्वातीनशेहून अधिक अश्वशक्ती हवी. आणि अशा वेगाला टिकणारे टायर, ब्रेक, हलका पण मजबूत सांगाडा, गाडी जमिनीला चिकटून राहावी असा आकार हे सगळे त्याबरोबर आले. म्हणजे या मोटारीची किंमत मुख्यतः ताशी १०० ते ३०० किलोमीटर या टप्प्याची आहे. तो खर्च खोटा नाही. भौतिकशास्त्रच तो मागते. पण द्रुतगती मार्गावर मोटारींना वेगमर्यादा आहे ताशी १०० किलोमीटरची आणि घाटात त्याहूनही पुष्कळ कमी. मार्गाची लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर. नियम पाळणारी चार कोटींची मोटार आणि पाच लाखांची मोटार एकाच वेळी पुण्याला पोचतील.

एका बाबतीत मात्र महाग मोटार खरोखर सरस ठरते. ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला साध्या मोटारीला कोरड्या रस्त्यावर ४४ मीटरच्या आसपास लागतात. उत्तम टायर आणि ब्रेक असतील तर ३३ मीटर पुरतात. हे ११ मीटर कुणाचा जीव वाचवू शकतात. पण धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात दोन्ही मोटारी २८ मीटर पुढे गेलेल्या असतात. तो सेकंद पैशाने कमी होत नाही.

उताराचा हिशेब

चढाइतकाच उतार महत्त्वाचा. वर चढवलेली ८१ लाख जूल ऊर्जा उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. मोटारीच्या ब्रेकच्या लोखंडी चकत्या एकूण ३० किलोच्या धरल्या आणि सारी उष्णता त्यांतच साठली अशी कल्पना केली, तर त्यांचे तापमान सुमारे ५८० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता वाऱ्यावर जाते, आणि खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिनही गाडी रोखून धरते. सोळा टनी मालट्रकची ऊर्जा मात्र साडेआठ कोटी जुलांहून अधिक भरते. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये उतरवला, तर हा सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. बोरघाटातल्या अनेक भीषण अपघातांमागे हेच साधे भौतिकशास्त्र आहे. रेल्वेने हा धोका पहिल्यापासून ओळखला होता. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी रूळ आधी डोंगराकडे चढणाऱ्या बाजूच्या फाट्याला जोडलेले ठेवायचे आणि गाडी काबूत आहे हे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग द्यायचा, अशी ही व्यवस्था.

ब्रेकच्या इतिहासात महाग मोटारींनी चांगले काम केले आहे. चकतीचे ब्रेक १९५३ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार मोटारीमुळे गाजले. आज ते मोटारसायकलीलाही असतात. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे ए. बी. एस., बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९७८ साली आणली, ती अर्थातच श्रीमंतांच्या मोटारीत. चाळीस वर्षांनी, २०१९ पासून, भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या नव्या मोटारींनाही ती सक्तीची झाली. नील्स बोलिन याने १९५९ साली व्होल्वो कंपनीत तयार केलेला तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा तर कंपनीने इतर सर्वांना वापरायला मोकळा ठेवला. जगात त्याने जेवढे जीव वाचवले असतील, तेवढे मोटारीच्या दुसऱ्या एखाद्या भागाने क्वचितच वाचवले असतील.

किंमत कशाकशाची बनते

आता मूळ प्रश्नाला येऊ. चार कोटींत काय काय असते? माल आणि मजुरी असतेच, पण मोठा वाटा संशोधनाच्या खर्चाचा, आणि तो किती नगांवर विभागला जातो याचा असतो. समजा, एक नमुना तयार करायला ५०० कोटी रुपये खर्च आला. मोटारी हजारच विकल्या, तर प्रत्येकीवर ५० लाखांचा बोजा पडेल. पाच लाख विकल्या, तर फक्त १०,००० रुपयांचा. मावळातच तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि तेथे स्पार्कसारख्या छोट्या मोटारी होत. त्याचे उत्पादन २०२० साली थांबले आणि २०२३ साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. थोड्याच अंतरावर, खेड तालुक्यात चाकणला, २००९ पासून मर्सिडीज-बेंझच्या मोटारी जोडल्या जात आहेत. पत्रा, रबर, तारा या बाबतींत दोन्हीकडचा कच्चा माल फार वेगळा नाही. नगांची संख्या मात्र वेगळी आहे.

दुसरा वाटा कराचा. तयार स्थितीत आयात होणाऱ्या महागड्या मोटारींवर आपल्याकडे २०१३ नंतरच्या दशकात किमतीच्या शंभर टक्क्यांच्या आसपास आयातशुल्क होते. म्हणजे किमतीचा बराच भाग मोटारीचा नव्हताच. तिसरा वाटा नावाचा. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवून दिले, की काही वस्तू महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात. किंमत हाच त्यांचा गुण. त्या स्वस्त झाल्या तर घेणारा पाठ फिरवेल.

मग उत्तर काय द्यावे?

आम्हांला योग्य वाटते ते उत्तर असे. मोठी किंमत दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कुणालाच न सुटलेला प्रश्न सोडवण्याचा खर्च असतो, आणि उत्तर मिळाले की ते काही वर्षांत सर्वांचे होते. केंडालचे घड्याळ, सेकोचे पहिले क्वार्ट्झ, पहिली ए. बी. एस. यांची किंमत अशी होती. पहिल्या गिऱ्हाइकांनी कळत-नकळत साऱ्या समाजासाठी पैसे भरले. दुसऱ्या प्रकारात प्रश्न आधीच सुटलेला असतो आणि दुर्मिळता टिकवण्यासाठी किंमत चढी ठेवलेली असते. तेथे पैसे देऊ नयेत असे नाही. ज्याचा त्याचा शौक. पण त्या किमतीला ‘विज्ञानाची किंमत’ म्हणू नये. एकाच मोटारीत हे दोन्ही भाग असू शकतात, आणि ते वेगळे करता येणे हेच शिक्षण.

मावळात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. द्रुतगती मार्ग झाला तो येथल्या शेतजमिनींवरून. मार्गामुळे उरलेल्या जमिनींचे भाव चढले. पुणे जिल्ह्यात जमीन विकून हाती आलेला पैसा मोठ्या मोटारीत आणि सोन्यात घालणाऱ्याला लोक ‘गुंठामंत्री’ म्हणतात. चेष्टा करणे सोपे आहे. पण ज्याच्या बापजाद्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून दुसऱ्यांच्या मोटारी पाहिल्या, त्याला एकदा तरी आतून रस्ता बघावासा वाटला तर त्यात नवल नाही. फक्त त्याच्या मुलाला वर्गात हे कळलेले असावे, की मोटार दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते आणि विकलेला गुंठा त्या भावाला पुन्हा मिळत नाही.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. एक, शाळेच्या पटांगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा. लोणावळ्यात ती वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास येईल. वर्षभरात ती सुमारे पाव तास मागेपुढे होईल. रेल्वेने आपली वेळ कशी बदलली हे मुलांना त्या सावलीत दिसेल. दोन, मुलांच्या घरची चावीची आणि सेलची घड्याळे एकदाच जुळवून आठवडाभर ठेवा आणि प्रत्येकाची चूक फळ्यावर मांडा. शेजारी प्रत्येकाची किंमत लिहा. मग मुलांनी विचारलेला प्रश्न त्यांनाच परत विचारा.